पॉन्टून : मिनेसोटाच्या तळ्यांवरची सपाट होडी

पॉन्टून ही अ‍ॅल्युमिनियमच्या दोन किंवा तीन पोकळ नळ्यांवर सपाट फळी बसवून तयार केलेली होडी आहे. तिला निमुळता तळ नसतो, शीड नसते, वल्हीही नसतात. फळीच्या चहूबाजूंनी कठडा, कडेने गाद्यांची बाके, डोक्यावर कापडी छत आणि मागे पेट्रोलवर चालणारे इंजिन, एवढाच तिचा सरंजाम. वेग किंवा डौल ही तिची ओळख नव्हे. दहा-बारा माणसांना पाण्यावर ऐसपैस बसता येईल अशी सपाट जागा देणे हे तिचे काम. अमेरिकेत उन्हाळ्यातील सहकुटुंब जलविहाराशी तिचे नाव पक्के जोडले गेले आहे.

तिचा जन्म मिनेसोटा राज्यातला. दहा एकर किंवा त्याहून मोठी ११,८४२ तळी या राज्यात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींवर फिनलंडमधून आलेले मजूर मोठ्या संख्येने स्थायिक झाले. तळ्याकाठी लाकडी घर, शेजारी सॉना (गरम वाफेचे स्नानगृह) आणि समोर होडी हा मायदेशातला उन्हाळा त्यांना इथेही मांडता आला. शहरातल्या मिनेसोटावासीयांचीही रीत फारशी वेगळी नाही. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी गाड्या उत्तरेकडे, तळ्याकाठच्या ‘केबिन’कडे वळतात.

पॉन्टूनच्या आधी शहरवासीयांसाठी जलविहार ही बहुतांशी विकत घ्यायची सेवा होती. मिनियापोलिसजवळच्या मिनेटोंका तळ्यावर रेल्वेसम्राट जेम्स हिल याने १८८२ मध्ये ‘बेल ऑफ मिनेटोंका’ ही सुमारे ३०० फूट लांबीची आगबोट आणली. ती हॉटेलांत उतरणाऱ्या प्रवाशांसाठी होती. सामान्य नोकरदारांना तळे खुले झाले ते १९०६ मध्ये. त्या वर्षी शहरातल्या ट्राम कंपनीने ट्रामसारख्याच पिवळ्या रंगाच्या सहा बोटी सुरू केल्या. ट्रामने एक्सेलसियर गावापर्यंत यायचे आणि तिथून बोटीने तळे पालथे घालायचे, अशी सोय झाली. पुढे रस्ते सुधारले, घरोघरी मोटारी आल्या आणि १९२६ मध्ये ही सेवा बंद पडली. कंपनीने काही बोटी मोडीत काढल्या, काही तळ्यातच बुडवल्या. त्यांतली ‘मिनेहाहा’ १९८० मध्ये वर काढून दुरुस्त करण्यात आली आणि १९९६ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावू लागली.

सार्वजनिक बोटी गेल्या, पण कुटुंबाला स्वतःच्या होडीतून फिरवील असे यंत्र तोवर आले होते. मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये होडीच्या मागच्या कडेला अडकवायचे सुटे इंजिन बाजारात आणले. त्यामुळे वल्ही मारण्याचे कष्ट वाचले. होडी मात्र अरुंदच राहिली. तीत कुणी उभे राहिले की ती कलंडायला लागे, आणि आजीआजोबांना व तान्ह्या मुलांना नेणे जिकिरीचे होई.

ही अडचण दूर केली अँब्रोज वीरेस याने. मिनेसोटातील रिचमंड या छोट्या गावच्या या गृहस्थाने १९५१ च्या सुमारास लोखंडी पिंपे टोकाला टोक जोडून दोन रांगा केल्या, त्यांवर लाकडी फळी ठोकली आणि हा तराफा जवळच्या हॉर्सशू तळ्यात सोडला. पिंपांवरचे तराफे नवे नव्हते. घरच्यांना घेऊन फिरायची होडी म्हणून त्यांची पद्धतशीर बांधणी करून विक्री करणे नवे होते. वीरेसच्या कारखान्यापाठोपाठ इतरही कारखाने निघाले. गंजणाऱ्या पिंपांची जागा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांनी घेतली. फिरत्या घरांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेला इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसर पुढे पॉन्टून बांधणीचेही मोठे केंद्र बनला.

ही होडी तरते कशी, हे साध्या हिशेबाने कळते. ६३ सेंटिमीटर व्यासाची आणि सहा मीटर लांबीची नळी पूर्ण बुडाली तर सुमारे १,८७० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढेच किलो वजन पेलू शकते. दोन नळ्यांची मिळून क्षमता ३,७०० किलोंच्या पुढे जाते. होडी आणि इंजिनाचे वजन हजार किलो व दहा माणसांचे सातशे किलो धरले, तरी नळ्या निम्म्याही बुडत नाहीत. प्रत्येक नळीत आडव्या भिंती घालून हवाबंद कप्पे केलेले असतात. एक कप्पा फुटला तरी होडी बुडत नाही. नळ्या दोन्ही कडांना असल्याने सगळी माणसे एका बाजूला गेली तरी ती थोडीशीच झुकते. नळ्या फारशा खोल बुडत नसल्याने ती उथळ पाण्यातही जाते; वाळूच्या काठाला लावून उतरता येते.

फळीवरची मांडणी घरगुती असते. बाकांच्या गाद्या उचलल्या की खाली जीवरक्षक जाकिटे आणि टॉवेल ठेवायचे खण दिसतात. पुढे फाटक, मागे पोहणाऱ्यांसाठी शिडी, मधे खाण्यापिण्याचे टेबल. संध्याकाळी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने तळ्याला एक फेरी मारायची, मधे नांगर टाकून मुलांना पोहू द्यायचे, शेजाऱ्याच्या होडीला होडी लावून गप्पा मारायच्या. तळ्याकाठच्या घराची ओसरी पाण्यावर आणावी, तसा हा प्रकार. केबिन नसलेल्यांना पॉन्टून तासांच्या किंवा दिवसाच्या भाड्याने मिळते. मिनियापोलिस-सेंट पॉलमधल्या मराठी कुटुंबांनाही हा पर्याय सोयीचा पडतो.

या रचनेला मर्यादाही आहेत. उंच लाटांत नळ्यांची टोके पाण्यात घुसतात आणि फळीवर पाणी येते, म्हणून मोठ्या, खवळणाऱ्या पाण्यात ती नेत नाहीत. उभे छत वारा अडवते, त्यामुळे धक्क्याला लागताना होडी बाजूला वाहवते. सर्वांत मोठा धोका पुढच्या कडेचा. होडी चालू असताना कठड्याबाहेर पाय सोडून बसलेला माणूस पडला, तर तो होडीखालून थेट मागच्या इंजिनाच्या पंख्याकडे जातो. म्हणून चालत्या होडीत पुढचे फाटक बंद ठेवतात. मिनेसोटात चालत्या होडीवर दहा वर्षांखालील मुलांना जीवरक्षक जाकीट घालणे बंधनकारक आहे, आणि मद्यपानाची मर्यादा मोटारचालकांइतकीच, रक्तात ०.०८ टक्के. २०२५ पासून ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या चालकांना प्रशिक्षण घेऊन परवाना काढण्याची अटही टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

दुसरे बंधन तळ्यांच्या रक्षणाचे आहे. झेब्रा शिंपले ही परकी प्रजाती होड्यांना चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात जाते; मिनेटोंकात ती २०१० मध्ये सापडली. त्यामुळे होडी पाण्याबाहेर काढली की झाडपाला आणि शिंपले काढून टाकायचे, साठलेले पाणी सोडायचे आणि रस्त्यावरून नेताना पाणी काढायचे बूच उघडेच ठेवायचे, असा कायदा आहे.

अलीकडे तीन नळ्यांच्या पॉन्टूनची, म्हणजे ‘ट्रायटून’ची चलती आहे. मधल्या नळीमुळे वजन पेलण्याची ताकद वाढते आणि दीडशे-दोनशे अश्वशक्तीची इंजिने बसवता येतात. मग ताशी साठ किलोमीटरच्याही पुढे वेग जातो आणि मागे दोर बांधून पाण्यावर घसरण्याचे खेळही होतात. अर्थात किंमतही वाढते आणि थोडक्या पैशांत घरच्यांना फिरवणारी होडी ही मूळ कल्पना मागे पडते.

हंगाम ऑक्टोबरात संपतो. तळी गोठली की बर्फ धक्क्यांचा चुरा करतो. म्हणून अनेक धक्के चाकांवर बसवलेले असतात व ते ओढून काठावर आणतात. पॉन्टून ट्रेलरवर चढवून बाहेर काढतात, इंजिनातले पाणी निथळू देतात, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात रसायन मिसळतात, बॅटरी घरात नेतात आणि होडी ताडपत्रीत बांधतात. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळला की हीच कामे उलट्या क्रमाने करून ती पुन्हा पाण्यात सोडली जाते.