व्होल्टेज आहे, करंट नाही

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात तंत्रनिकेतनचा एक मुलगा ब्रेडबोर्ड घेऊन आला होता. बोर्डावर ७४१, आठ पायांची ऑपअॅम्प आयसी, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट. मीटरवर आउटपुट अगदी बरोबर, पण आठ ओहमचा स्पीकर जोडला की आवाज फाटायचा.

"मामा, मीटरवर तर बरोबर हाय."

"स्पीकर लावून मोज की," दुकानातले मामा म्हणाले.

मोजलं, तर व्होल्टेज कोसळलेलं. ही आयसी फेअरचाइल्डनं १९६८ साली बाजारात आणली. नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीही हिच्यावरच शिकलो. डेटाशीटमधले तिचे आकडे २ किलोओहमच्या लोडवरचे असतात आणि साधारण २५ मिलिअँपिअरला ती हात आखडता घेते. आठ ओहमवर एवढ्या करंटात जेमतेम ०.२ व्होल्ट उभे राहतात, म्हणजे सरासरी अडीच मिलिवॉट. ३२ ओहमच्या हेडफोनवर मात्र त्याच करंटात ०.८ व्होल्ट, १० मिलिवॉट मिळतात. पडदा कानाला लागूनच असल्यानं तेवढे भरपूर होतात. म्हणून हेडफोनला ऑपअॅम्प एकटी पुरते, स्पीकरला नाही. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. नुसतं व्होल्टेज मोजून अॅम्प्लिफायर कळत नाही.

मामांनी आउटपुटला बीडी१३९-बीडी१४० ची जोडी लावली. आता करंट ट्रान्झिस्टर देणार. आवाज मोठा झाला, पण हळू गाण्यात खरखर आली. दोन्ही ट्रान्झिस्टर ०.६ व्होल्टशिवाय जागे होत नाहीत, त्यामुळे लाट शून्यातून जाताना मधला तुकडा गळतो. फीडबॅकची वायर आयसीच्या पायावरून काढून त्यांनी दोन्ही एमिटरच्या जोडावर नेली. आयसी आता स्पीकरवरचं व्होल्टेज बघून चूक भरून काढू लागली. खरखर बरीच गेली, तरी झांजांच्या आवाजात थोडी उरलीच; ७४१ चं आउटपुट मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्टच सरकतं, आणि १.२ व्होल्टची ती दरी ओलांडायला तिला दोन-अडीच मायक्रोसेकंद लागतात.

मग दोन बेसच्या मध्ये दोन १एन४१४८ डायोड, त्यांना करंट पुरवायला दोन रेझिस्टर. डायोडांवरच्या व्होल्टेजनं ती दरी आधीच भरून ठेवली आणि झांज साफ वाजली.

डायोड मामांनी हीटसिंकला चिकटवले. ट्रान्झिस्टर तापला की त्याला बेसवर कमी व्होल्टेज पुरतं, करंट वाढतो, तो आणखी तापतो. डायोडही सोबत तापले की त्यांच्यावरचं व्होल्टेज तेवढंच उतरतं आणि करंट आवाक्यात राहतो.