सेल्समन गेला, फोन गेला… ऑर्डरचे मेल कुणाकडे राहिले?



धंद्यासाठी ईमेल कुठला घ्यायचा, हा प्रश्न बहुतेक वेळा "सगळ्यात स्वस्त कुठला?" इथूनच सुरू होतो. मी उलटा प्रश्न विचारतो. उद्या तुमचा सेल्समन काम सोडून गेला, किंवा लोकलच्या गर्दीत त्याचा फोन मारला गेला, तर तुमच्या ऑर्डरचे मेल कुणाच्या हातात असतील?

समजा, भोसरीत तुमचं पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचं छोटं युनिट आहे. माणसं आठ. त्यातला एक जण दोन वर्षं स्वतःच्या जीमेलवरून कोटेशन पाठवतोय. गिऱ्हाइकाचं उत्तर त्यालाच, रेट त्याच्याकडेच, पेमेंटचं बोलणंही तिथंच. तो शेजारच्या युनिटला लागला की गिऱ्हाईक जुन्याच पत्त्यावर मेल टाकणार. कारण त्याला दुसरा पत्ता माहीतच नाही! आणि त्या खात्याचा पासवर्ड मागायचा तुम्हाला काही हक्क नाही. खातं त्याचं आहे.

म्हणून पहिलं काम, स्वतःचं डोमेन. खर्च वर्षाला साधारण काही शे ते हजारभर रुपये. पण ते कुणाच्या नावावर आहे ते नीट बघा. वेबसाइट करून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतो आणि मालकाला ते कळतं थेट भांडण झाल्यावर. नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइल नंबरवर हवी.

मग मेल कुठला? छोट्या धंद्यासमोर तीन नावं असतात: झोहो मेल, गुगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५. झोहो आपल्या चेन्नईची कंपनी. तिच्या फुकट प्लॅनमध्ये पाच जणांपर्यंत स्वतःच्या डोमेनचा मेल मिळतो, फक्त तो त्यांच्याच ॲपमधून किंवा ब्राउझरमधून वापरायचा. फुकटच्या अटी बदलत असतात, घेताना वाचून घ्या. बाकी दोघांचे पैसे दर माणसामागे, दर महिन्याला. इथं एक युक्ती सांगतो. आठ माणसं म्हणून आठ खाती घ्यायची गरज नसते. 'सेल्स', 'अकाउंट्स' असे पत्ते गुगलमध्ये ग्रुप करून आणि मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स करून जादा पैसे न देता निघतात. आणि गिऱ्हाइकाला सेल्सचा पत्ता दिलेला असला की माणूस बदलला तरी पत्ता तोच राहतो.

आता फोनकडे या

मेल तुमचा झाला, पण तो उघडतोय कामगाराच्या फोनवर. तिथं लागतं डिव्हाइस मॅनेजमेंट. म्हणजे ऑफिसात बसून तुम्ही ठरवू शकता, की ज्या फोनवर कंपनीचा मेल आहे त्याला स्क्रीन लॉक असलाच पाहिजे, आणि वेळ आली तर तिथून कंपनीचा मेल पुसता आला पाहिजे.

फोन माणसाचा स्वतःचा असेल तर एक गोष्ट त्याला समोर बसवून सांगा: पुसलं जाणार ते कंपनीचं, तुझ्या पोरांचे फोटो नाहीत. ही भीती खरी असते आणि त्यापायी माणसं मेल टाकूनच घेत नाहीत. अँड्रॉइडमध्ये यासाठी 'वर्क प्रोफाइल' आहे. कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या चिन्हावर छोटी बॅग दिसते. कप्पा पुसला की घरचं सगळं जागच्या जागी. मालकाला घरच्या बाजूचे फोटो किंवा मेसेज दिसत नाहीत.

कंपनीने फोन घेऊन दिला असेल तर पूर्ण ताबा घेता येतो. कुठली ॲप चालतील, कुठली नाहीत, सगळं. पण अँड्रॉइडवर हा ताबा फोन नवा कोरा असताना, पहिल्यांदा चालू करतानाच घ्यावा लागतो. महिनाभर वापरून झाल्यावर आठवण झाली तर फोन रिसेट करणं आलं. तेव्हा दिवाळीला डिलिव्हरीवाल्या पोरांना पाच हँडसेट वाटण्याआधी हे ठरवा.

माझं मत विचाराल तर दहाच्या आतल्या युनिटने वेगळं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर विकत घेऊ नये. गुगलमध्ये लॉकची सक्ती आणि खातं पुसणं या साध्या सोयी मिळतात. वर्क प्रोफाइल हवं तर बिझनेस प्लससारखा वरचा प्लॅन लागतो. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस प्रीमियममध्ये इंट्यून येतं, ते लॅपटॉपही सांभाळतं. कंपनीचे हँडसेट बरेच असतील तर झोहोच्याच मॅनेजइंजिनचं सॉफ्टवेअर बघा, २५ डिव्हाइसपर्यंत त्याची फुकट आवृत्ती आहे. यातलं काहीही घेताना विक्रेत्याला एकच विचारा: "उद्या मी तुमच्याकडून गेलो तर माझे मेल बाहेर कसे काढायचे?" एकेकाळी ब्लॅकबेरी म्हणजे धंद्याचा फोन होता. ४ जानेवारी २०२२ ला त्याच्या जुन्या फोनच्या सेवा बंद झाल्या.

फोन हरवला त्या दिवशी

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ॲडमिनमध्ये जाऊन त्या खात्याचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. हे सर्व्हरवर होतं, फोन बंद असला तरी. मग पुसायचा आदेश द्या. तो फोनपर्यंत पोचतो फोन इंटरनेटला लागल्यावरच. चोराने सिम काढून फोन बंद ठेवला तर आदेश वाट बघत बसतो. तोवर राखण करतो तो स्क्रीन लॉक. म्हणून लॉकची सक्ती पहिल्या दिवसापासून हवी. नंतर सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक करा. ब्लॉक शेवटी अशासाठी, की त्यानंतर फोन मोबाइल नेटवर्कवर येणार नाही आणि तुमचा आदेश वाय-फायच्या भरवशावर राहील.

माणूस काम सोडून गेला तर गडबडीत त्याचं खातं डिलीट करू नका. गुगलमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत. त्यानंतर मेल गेले ते गेलेच. आधी पासवर्ड बदला, मेल दुसऱ्याच्या नावावर घ्या, मग खातं बंद करा.

आणि हो, व्हॉट्सॲप! कामगाराच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर यातली कुठलीच सिस्टीम परत आणून देत नाही. त्याला उपाय साधा आहे. कंपनीच्या नावावर सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा आणि कार्डावर तोच नंबर छापा.

राहिला ॲडमिन. ही सगळी किल्ली एकाच माणसाकडे असते, आणि बरेचदा तो भाचा असतो किंवा कॉम्प्युटरवाला. ॲडमिन तुम्ही स्वतः व्हा, घरातला दुसरा एक जण ठेवा, दोघांनाही टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. बॅकअप कोड कागदावर छापून कपाटात, जिथं जीएसटीची फाइल ठेवता तिथं ठेवा. कारण हरवणारा फोन तुमचाही असू शकतो.