फेसावरची नजर

दसरा सरला, की पंचगंगेच्या खोऱ्यातील करवीर-पन्हाळ्याच्या गावांतून गुऱ्हाळघरे पेटू लागतात आणि उन्हाळा चढेपर्यंत त्यांच्या धुराड्यांना उसंत नसते. १८९५ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली व या मुलखाच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. परंतु बाजारात लिलावासाठी ओळीने मांडलेले तीस किलोचे पिवळेधमक रवे पाहून त्यांच्यामागील कामाची जी कल्पना मनात येते, ती फारच अपुरी असते. ते काम ज्याच्या नजरेवर चालते त्याला गुळव्या म्हणतात. माझ्या आईचे वडील, ज्यांना घरात आणि गावात सगळेच आबा म्हणत, ते पंचक्रोशीत नावाजलेले गुळवे होते. आणि माझे बालपण त्यांच्या चुलवाणापाशी गेले, त्याचे कारण मात्र त्यांचा व्यवसाय नसून माझ्या वडिलांचे मद्यपान हे होते.

वडिलांविषयी फार लिहावे असे नाही. ते शहरात एका कारखान्यात नोकरीला होते, शुद्धीत असत तेव्हा मृदू बोलत, आणि पगाराच्या संध्याकाळी आमच्या खोलीतील हवाच बदलून जाई. अशा घरातील मुलाला एक विलक्षण विद्या अवगत होते, जी कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. जिन्यावरचे पाऊल सरळ पडते आहे की फरपटते आहे, कडी एका प्रयत्नात उघडली की दोन, चपला जागेवर निघाल्या की भिरकावल्या गेल्या, हाक मारताना नावाचे शेवटचे अक्षर किती लांबले, या अत्यल्प पुराव्यावरून पुढच्या रात्रीचे संपूर्ण भाकीत करण्याचे सामर्थ्य मला अक्षरओळखीच्या वयातच आले होते. आईने मला आजोळी आणून सोडले तेव्हा माझ्यापाशी कपड्यांची एक पिशवी होती आणि ही विद्या होती. आई परत गेली. तिची सूतगिरणीतील पाळी चुकवून चालण्यासारखी नव्हती, आणि नवरा सुधारेल ही तिची आशाही अद्याप पुरती विझली नव्हती.

गुऱ्हाळघर म्हणजे चारी बाजूंनी वाऱ्याला मोकळी असलेली एक लांबरुंद पडवी. एका अंगाला घाणा, त्याचे इंजिन आणि उसाच्या मोळ्यांचा ढीग. मध्यभागी जमिनीत खणलेले चुलवाण, त्यावर बसवलेली पसरट लोखंडी काहील. आणि पलीकडे गूळ ओतण्याचा उथळ वाफा. घाण्यातून निघालेला रस हौदात निवळून काहिलीत पडे. एका आधणाला हजार लिटरच्या आसपास रस लागे व त्याचे, ऊस पक्व असेल तर, सहा-सात रवे होत. चुलवाणाच्या तोंडाशी जाळव्या बसलेला असे. वाळलेली चिपाडे मुठीमुठीने आत सारीत राहणे एवढेच त्याचे काम, परंतु ती किती आणि केव्हा सारावीत याचा हुकूम गुळव्याचा असे, आणि तो हुकूम पुष्कळदा केवळ भुवईने दिला जाई.

रस कोमट झाला, की ठेचून भिजवलेल्या जंगली भेंडीचे बुळबुळीत पाणी आबा त्यात सोडीत. त्या चिकटपणात रसातील गाळ अडकून वर येतो आणि काळपट मळीची जाड साय काहिलीवर धरते. ती उकळी फुटण्यापूर्वीच काढावी लागते. एकदा रसाला कढ आला, की मळी मोडून पुन्हा रसात मिसळते आणि मग त्या गुळाला रंग येत नाही. मळी निघाल्यावर चुन्याची निवळी. मग आच वाढे, काहील फसफसून काठापर्यंत येई, तेव्हा तेलाचे दोन-चार थेंब पडताच तो सारा फेस खाली बसे. येथून पुढची अर्धी घटका ही गुळव्याची खरी परीक्षा. रस आटून काकवीच्या दाटपणाला येतो, बुडबुडे आधी मोठे व सैल असतात, मग बारीक व घट्ट होतात, फुटताना त्यांचा आवाज जड होत जातो, आणि उकळीचा पिवळा रंग लालीकडे झुकू लागतो. ११८ अंशांच्या आसपास गूळ होतो असे शास्त्र सांगते; आबांपाशी तापमापक कधीच नव्हता. ते पळीभर पाक थंड पाण्यात सोडीत, त्याची बोटांनी गोळी वळीत आणि ती ताटलीवर टाकून तिचा आवाज ऐकीत. टणक आवाज आला, की त्यांचा हात वर जाई आणि कड्यांत दांडे घालून माणसे काहील चुलवाणावरून ओढून वाफ्यात कलती करीत. चार क्षण आधी ओढली तर गूळ चिकट राहून पावसाळ्यात पाझरतो. चार क्षण उशीर झाला तर तो करपतो.

आरंभीचे काही दिवस मी एका खांबाला टेकून बसे, आणि माझी नजर गावाकडून येणाऱ्या गाडीवाटेवर असे. वडील येतील अशी आशा होती की भीती होती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा दोहोंत त्या वयात भेद नसतो. आबांनी हे पाहिले होते. एका संध्याकाळी, आधण ऐन रंगात आले असता, मान न वळवता ते म्हणाले, “वाटंकडं काय बघतोयस? फेसाकडं बघ.” आणि मग, जणू ते आधीच ठरलेले असावे तसे, त्यांनी मला काहिलीच्या काठापासून दोन हात दूर एक दगड दाखवून तेथे उभे राहण्यास सांगितले व विचारले, की बुडबुडे काल याच वेळी मोठे होते की बारीक. मी बारीक म्हणालो. त्यांनी जाळव्याला आच कमी करण्याची खूण केली. माझ्या उत्तरावरून केली की ते स्वतः आधीच जाणून होते, याचा विचार मला पुढे अनेक वर्षांनी सुचला. त्या दिवशी मात्र माझ्या पाहण्याने जगातील एक गोष्ट योग्य दिशेला वळली असे मला वाटले, आणि असे वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग होता.

त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर मी त्या दगडावर उभा राही. आबांनी मला कधी पाठ दिला नाही. ते केवळ प्रश्न विचारीत. वास कशाचा येतोय, मळी कुठल्या अंगाला जाड आहे, आवाज बदलला का. ज्या कानांनी मी जिन्यावरील पाऊल ओळखीत असे, तेच कान आता पाकाचा आवाज ओळखू लागले. फरक इतकाच होता, की पाऊल ओळखून मला करण्यासारखे काहीच नसे, फार तर चादरीखाली श्वास धरून पडून राहावे. येथे मात्र ओळखल्यानंतर करण्याजोगी कृती होती, आणि ती केली असता परिणाम ठरल्याप्रमाणे घडे.

आजीचा कारभार वेगळा. तिने माझ्यासाठी दिवसाचे वेळापत्रक बांधून टाकले होते आणि सणवार, पाऊस, पाहुणा, कशानेही ती त्यात फरक पडू देत नसे. दिवेलागणीला पाढे, मग भाकरी, मग अंथरूण. भाकरी तव्यावरून निघे तेव्हा मी पाटावर असलोच पाहिजे, हा दंडक. त्या वेळी मला हा जाच वाटे. परंतु ज्या घरात जेवण कधी होईल, किंबहुना होईल की नाही, हे दुसऱ्याच्या शुद्धीवर अवलंबून होते, तेथून आलेल्या मुलाला वेळेवर निघणारी भाकरी काय सांगते, हे तिला उमगले होते. पहिल्या हिवाळ्यात मी भाकरीचे तुकडे खिशात लपवून ठेवीत असे. ते तिला सापडत, ती ते निमूटपणे गाईला घाली, आणि त्याविषयी माझ्यापाशी एक अक्षर बोलत नसे. हिवाळा सरता सरता ती सवय आपोआप गेली.

वडील अधूनमधून येत. जावई तो जावई. त्यांची अवस्था कशीही असो, पाय धुवायला पाणी, बसायला घोंगडे आणि “या जावईबापू” हे शब्द चुकत नसत. त्याच वेळी आजी माझ्या हाती भाकरीचे गाठोडे देऊन मला मागल्या दाराने गुऱ्हाळाकडे पिटाळी. तिचा नियम एकदाच सांगितला गेला होता: “त्यो तुजा बा हाय, त्येला वंगाळ बोलायचं न्हाई, पर पिऊन आला की जवळ जायाचं न्हाई.” या एका वाक्यात तिने माझ्यावरील दोन ओझी उतरवली: बापाचा द्वेष करण्याचे, आणि बापाला सांभाळण्याचे.

सगळीच आधणे साधत नसत. पाला न साळलेला, उशिरा तोडलेला ऊस आला, किंवा जाळव्याला डुलकी लागली, की गूळ काळा पडे वा चिकट राही. अशा गुळालाही गिऱ्हाईक असे. काळा गूळ आणि नवसागर ही हातभट्टीची सामग्री. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तिच्यावर कितीही बंदी घातली असली, तरी माळावरच्या ओढ्याकाठी ती गाळली जाई हे गावात लहान पोरांनाही ठाऊक होते. तो माल उचलणारा माणूस रोख पैसे मोजी आणि भावात घासाघीस करीत नसे. आबा त्याला गुऱ्हाळाची पायरी चढू देत नसत. बिघडलेला गूळ ते चुलवाणाच्या राखेपाशी बाजूला ठेवीत व बैलांच्या आंबोणात घालीत. ऊसमालक कुरकुरत, काहींनी त्यापायी आपले आधण दुसऱ्या गुळव्याकडे नेले. आबांनी यावर प्रवचन कधी दिले नाही. मात्र आपल्या हातचा गूळ फिरून आपल्याच लेकीच्या घरात कोणत्या रूपाने शिरू शकतो, हा हिशेब त्यांनी मनाशी केला नसेल, असे मला वाटत नाही.

दुसरा हिशेब कागदावर झाला. आबांची थोडी जमीन स्वतःच्या कमाईतून घेतलेली, म्हणजे स्वकष्टार्जित होती, आणि आई त्यांची एकुलती एक लेक. रीतीप्रमाणे ती जमीन आईला जायची. परंतु लेकीचा अंगठा वा सही मारझोडीने केव्हाही घेतली जाईल, ही धास्ती त्यांना होती. म्हणून त्यांनी वकिलाचा सल्ला घेऊन माझ्या नावे बक्षीसपत्र केले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे बाप हा अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक खरा, परंतु न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून त्याला मुलाची स्थावर मिळकत विकता येत नाही, हे आबांनी पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेतले होते. दस्त नोंदला गेला, चावडीत फेरफार पडला, आणि तलाठ्याने लेखणी थांबवून विचारले, “अज्ञान पालनकर्ता कोण लावू?” आबांनी आजीचे नाव सांगितले. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे पडून त्यापुढे तिचे नाव आले. ज्या बाईच्या नावावर तोवर एक वाफाही नव्हता, तिच्यावर सरकारी कागदाने ही जबाबदारी टाकली. ती मात्र त्या दिवशीही दिवेलागणीला पाढे घ्यायला बसली.

या सगळ्याचा भार आजी-आबांनी कोणत्या वयात उचलला, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या वयात गुळव्या आपली जागा तरुण हाताला देऊन कट्ट्यावर बसतो, त्या वयात आबा चुलवाणाच्या धगीला उभे राहत, कारण शाळेची फी, वह्या, आजारपण हे नवे खर्च उभे राहिले होते. धुराने त्यांच्या डोळ्यांतून अखंड पाणी वाहे. लेक तिकडे त्या घरात आहे हे शल्य आजी जात्यावर बसली तरी बोलून दाखवीत नसे. पण शहराकडून येणाऱ्या एसटीच्या वेळेला तिचे हात थांबत. मुलाला सुरक्षित केले म्हणजे आईला तेथेच ठेवून आल्याची रुखरुख मिटते असे नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी वडिलांची दारू सुटली; तोपर्यंत पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांमुळे, व्यसन हा आजार आहे हा विचार आमच्या भागातही पोचू लागला होता. आबा तेव्हा हयात नव्हते.

मी गुळव्या झालो नाही. कोल्हापूर भागातील गुऱ्हाळेही आता कमी होत चालली आहेत; जो तो ऊस कारखान्याला घालतो. आजी-आबांनी माझ्यातील भीती घालवली असेही मी म्हणणार नाही, कारण रात्री जिन्यावर कोणाचे पाऊल अडखळले तर माझे डोळे आजही उघडतात. त्यांनी केले ते इतकेच, की जो सावधपणा निव्वळ धास्तीवर पोसला जात होता, त्याला त्यांनी रोजगार दिला. व्यसनाधीन माणसाच्या घरातून आलेल्या मुलाला माया हवी असते यात शंका नाही. परंतु तेवढ्याने त्याचे चित्त ठिकाणावर येत नाही. त्याला ठरल्या वेळी घडणारी काही कामे, त्या कामांत स्वतःचा वाटा, आणि ते काम पुरते जाणणारे एखादे शांत माणूस जवळ असावे लागते. हा सिद्धान्त आबांनी वा आजीने कोठे वाचलेला नव्हता. हंगाम तोंडावर आला होता, गुऱ्हाळावर हात कमी होते, आणि पोर दारात येऊन उभे होते.