रंगीत ज्योतीची मेणबत्ती

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला हिरव्या ज्योतीची मेणबत्ती करून देण्याचे मी कबूल केले होते. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेले, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला थोडे वजन! तारेच्या टोकावर क्षार घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरला की तांबे हिरवा रंग देते, स्ट्रॉन्शियम किरमिजी, पोटॅशियम फिकट जांभळा आणि मिठातले सोडियम पिवळा, हे मला तोंडपाठ होते. मग अवघड ते काय? मेण वितळवले, त्यात मोरचुदाची पूड ढवळली, वात बसवली. संध्याकाळी सारे भोवती जमले. ज्योत पेटली ती पिवळीच! घटकाभर तडतडली आणि विझली. बहीण काही बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

चूक कुठे झाली, याचे उत्तर आजीच्या काजळात सापडले. आजी तुपाच्या दिव्यावर ताटली पालथी धरते आणि तिला काजळी धरते. ही काजळी म्हणजे कार्बनचे सूक्ष्म कण. मेणबत्तीच्या ज्योतीतही ते असतात. तापून ते पिवळे चमकतात. मेणबत्तीचा उजेड म्हणजे मुख्यतः हीच चमक. तिच्यापुढे तांब्याच्या हिरव्या रंगाचा काय पाड? शिवाय मोरचूद मेणात विरघळत नाही. तो तळाशी बसतो, वातीत अडकतो, ज्योतीपर्यंत पुरेसा पोचतच नाही.

बर्नरची गोष्ट वेगळी. त्यात वायूबरोबर हवा आधीच मिसळते, काजळी होत नाही आणि ज्योत जवळजवळ रंगहीन राहते. अशाच ज्योतीत क्षार धरून, वर्णपटदर्शकातून त्यांचा प्रकाश पाहून, बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये शोधली. तापलेल्या अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि परतताना ठरावीक रंगाचा प्रकाश देतात. प्रत्येक मूलद्रव्याची ही सही निराळी.

ही सही वाचायची तर आधी भोवतालचा झगमगाट दूर व्हावा लागतो. याचे मोठे उदाहरण आपल्या बेळगावपासून फार लांब नसलेल्या जमखंडीत घडले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी तेथून सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. चंद्राने सूर्यबिंब झाकले तेव्हा कुठे त्यांतल्या तेजस्वी रंगीत रेषा दिसल्या. सौरज्वालांमधली सोडियमच्या रेषेजवळची एक पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर हेलियम रॅम्से यांना सापडला तो १८९५ मध्ये!

तेव्हा रंगीत मेणबत्तीचे मर्म रंगात नसून इंधनात आहे. अशा मेणबत्त्यांसाठी साध्या मेणाऐवजी ट्रायमेथिल सायट्रेटसारखा, म्हणजे सायट्रिक आम्लापासून केलेला, घन पदार्थ वापरतात. त्याच्या रेणूतच पुष्कळ ऑक्सिजन असल्याने काजळी फारशी होत नाही आणि ज्योत मंद, फिकट राहते. त्या ज्योतीत वातीतल्या किंवा इंधनातल्या क्षाराचा रंग खुलतो.

तो पदार्थ माझ्याजवळ नव्हता. म्हणून यंदा सरांच्या देखरेखीखाली, चिनी मातीच्या बशीत चमचाभर स्पिरिट आणि चिमूटभर बोरिक आम्ल घेतले. कॅरमवर टाकतात तीच ही बोरिक पावडर. दिवे मालवून पेटवले, आणि काय सुंदर हिरवी ज्योत! मात्र, वाचकहो, हा प्रयोग घरी एकट्याने करू नका. स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही. ती विझली असे समजून वरून स्पिरिट ओतले, तर आग थेट बाटलीत शिरते आणि माणूस भाजतो.

बहिणीला मी मुद्दाम बोलावले होते. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा, छान आहे. पण ही मेणबत्ती नाही."

खरे आहे. कबूल केलेली मेणबत्ती अजून द्यायची राहिली आहे. पण पहिली का फसली, हे आता मला तिला सांगता येते.