गावचा पैसा, लेखांक 9 : ऐच्छिक वाचनालय

संध्याकाळी पाचला वाचनालयाचं शटर अर्धं वर जातं, अडकतं आणि आतून कुणीतरी जोर लावल्यावर पूर्ण उघडतं. लांबट टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, तीन लोखंडी कपाटं. पेपरच्या स्टँडपाशी निवृत्त गुरुजी उभ्या उभ्या अग्रलेख संपवतात. कोपऱ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी चार मुलं वह्या पसरून बसतात. त्यातला एक जण विचारतो, "मॅडम, चालू घडामोडींचं नवीन पुस्तक कधी येणार?"

"पुढच्या हप्त्यात," ग्रंथपाल बाई सांगतात.

मुलगा मराठवाड्यातला. त्याच्या बोलीत हप्ता म्हणजे आठवडा, म्हणून तो पुढच्या सोमवारी पुन्हा विचारतो. बाईंच्या डोक्यातला हप्ता मात्र अनुदानाचा असतो.

हे चित्र एकाच गावाचं नाही. नावं बदलली, कपाटं एखाद-दुसरं कमीजास्त झाली, तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान सार्वजनिक वाचनालयांत हाच संवाद होतो. मागच्या लेखांकात पाणीपट्टी पाहिली. पाणी देणं हे पंचायतीचं काम आहे की नाही, यावर गावात वाद होत नाही. वाचनालयाबाबत मात्र पहिला प्रश्न तोच पडतो: हे नेमकं कुणाचं?

कागदावर त्याला बरेच धनी आहेत. राज्यघटनेच्या राज्यसूचीत ग्रंथालयांची नोंद आहे, म्हणजे विषय राज्याचा. 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतले 29 विषय राज्यांनी पंचायतींकडे सोपवावेत अशी अपेक्षा आहे. त्यात विसाव्या क्रमांकाला ग्रंथालयं आहेत, म्हणजे विषय गावाचाही. महाराष्ट्राच्या 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातही पंचायतीच्या कामांच्या यादीत वाचनालय येतं. पण त्या यादीच्या मागे कलम 45 मधली एक अट आहे. हातातला ग्रामनिधी परवानगी देईल तेवढ्यापुरतं आणि यादीतल्या सर्व किंवा काही विषयांपुरतं, असं ते कर्तव्य आहे. गटार तुंबलं, पथदिवा गेला की लोक पंचायतीच्या दारात येतात. कादंबरी मिळाली नाही म्हणून कुणी मोर्चा आणत नाही. त्यामुळे "सर्व किंवा काही" यातल्या "काही"मध्ये वाचनालय क्वचितच बसतं.

शहरात तर कायदा आणखी स्पष्ट बोलतो. 1949 चा महानगरपालिका कायदा आणि 1965 चा नगरपरिषद कायदा, दोन्ही कामांचे दोन भाग करतात. पाणी, सफाई, रस्ते, दिवाबत्ती ही बंधनकारक. ग्रंथालयं, वस्तुसंग्रहालयं ही ऐच्छिक. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती आधी कोणत्या भागावर फिरते, हे नगरपालिकेच्या एखाद्या सभेला बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. काही नगरपालिका आपली वाचनालयं नेटाने चालवतात, पण त्यामागे एखाद्या नगराध्यक्षाची किंवा मुख्याधिकाऱ्याची आवड असते. कायद्याचा रेटा नसतो.

मग राज्यभर हजारो वाचनालयं उभी कशी राहिली? त्याचं उत्तर इंग्रजी अमदानीत सापडतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. सुरुवात साहेबांच्या पुढाकाराने झाली असेल, पण पुढे ती गावातल्या वकील, शिक्षक आणि व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर तगली. वाचनालय म्हणजे एक संस्था, तिची घटना, तिचं कार्यकारी मंडळ, तिची वार्षिक सभा, ही रीत तेव्हाच रुळली.

त्याच काळात दुसरी वाटही दिसत होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. बडोद्याचा हिशेब साधा होता. गावाने काही रक्कम उभी करायची, तितकीच पंचायतीने द्यायची, तितकीच सरकारने. तीन खांद्यांवरची पालखी, त्यामुळे एकाने खांदा काढला की बाकीच्या दोघांना लगेच कळायचं. कोल्हापूर संस्थानाने तर 1945 मध्ये ग्रंथालयाचा कायदाच केला. देशात असा कायदा त्याआधी कुठे नव्हता.

मुंबई सरकारने 1939 मध्ये ए. ए. ए. फैझी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका आणि गावापर्यंत उतरणारी योजना समितीने आखली. पण सरकारने स्वतः ग्रंथालयं काढण्याऐवजी चालू असलेल्या संस्थांना मान्यता देऊन अनुदान द्यावं, हा मार्ग पुढे पक्का झाला. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम त्याच पायावर उभा आहे.

या कायद्यात एक गोष्ट नाही, आणि आजच्या लेखांकाचा गाभा तीच आहे. ग्रंथालय उपकर.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून 1948 मध्ये मद्रासचा कायदा झाला तेव्हा त्यात मालमत्ता कराला जोडलेला उपकर होता. तमिळनाडूत तो आजही आहे, रुपयामागे 10 पैसे. कर्नाटकात उपकर आहे, आंध्र आणि तेलंगणात आहे. केरळच्या 1989 च्या कायद्यात इमारत आणि मालमत्ता करावर रुपयामागे 5 पैसे आहेत. गोव्याने 1993 च्या कायद्यात आणखी वेगळी युक्ती काढली आणि उपकर मद्यावर बसवला. तिथे पेल्याचा थोडा वाटा पुस्तकाला जातो.

महाराष्ट्राने उपकराऐवजी ग्रंथालय निधी ठेवला आणि त्यात राज्याने दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत असं कायद्यात लिहिलं. 1967 मध्ये ती रक्कम मोठीच होती. प्रत्यक्षात सरकार नंतर त्याहून पुष्कळ जास्त देत आलं, पण देणं किती आणि केव्हा, हे मंत्रिमंडळाच्या मर्जीवर राहिलं. उपकर आणि अनुदान यांतला फरक इथे आहे. समजा, एखाद्या गावाची वर्षाची मालमत्ता कराची वसुली 20 लाख आहे. केरळच्या दराने त्यातून 1 लाख ग्रंथालयाचे होतात. गावात नवी वसाहत झाली, वसुली 30 लाखांवर गेली, की ग्रंथालयाचे दीड लाख होतात. त्यासाठी कुणाला निवेदन द्यावं लागत नाही. अनुदानाचा आकडा मात्र ठरवला तिथेच बसून राहतो. गाव वाढलं, कागद महागला, वीज महागली, तरी तो हलत नाही.

महाराष्ट्रात तो किती हलला, हे पाहण्यासाठी सर्वात खालची पायरी घेऊ. मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती, दिवसाला उघडं किती तास, यावर वर्ग ठरतो. खेड्यातली असंख्य वाचनालयं ड वर्गात आहेत. या वर्गाचं परिरक्षण अनुदान वर्षाला 30,000 रुपये होतं आणि 2012 नंतर दहा वर्षं ते तेवढंच राहिलं. नोव्हेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सगळ्याच वर्गांना 60 टक्के वाढ दिली. ड वर्गाचे 30,000 चे 48,000 झाले.

60 टक्के हा शब्द भरघोस वाटतो. आता तो कपाटापर्यंत नेऊन पाहू. अनुदानातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे 24,000. ड वर्गात माणूस एकच असतो, तोच ग्रंथपाल, तोच लिपिक, तोच झाडणारा. 24,000 भागिले 12, महिन्याला 2,000 रुपये. वाढीपूर्वी ते 1,250 होते. उरलेल्या 24,000 मध्ये पुस्तकं, पेपर, मासिकं, वीजबिल, स्टेशनरी, हिशेब तपासनीसाची फी असं सगळं भागवायचं. पाच रुपये किमतीचे चार पेपर रोज घेतले तर वर्षाचे सात हजारांच्या वर तिथेच जातात. बाकी खर्च वजा जाता पुस्तकांना दहा-बारा हजार उरले तर तीनशे रुपयांची चाळीस पुस्तकं येतात. त्यांतलाही काही हिस्सा शासनमान्य यादीतून घ्यायचा असतो.

शिवाय अनुदान सगळा खर्च उचलत नाही. मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंतच ते मिळतं, उरलेले 10 टक्के संस्थेने उभे करायचे. 48,000 पूर्ण मिळवायचे तर खर्च साधारण 53,300 दाखवावा लागतो, म्हणजे 5,300 रुपये गावातून. महिना दहा रुपये वर्गणी देणारे चाळीस सभासद असले तरी वर्षाचे 4,800 होतात. खाली पडणारी पाचशेची फट सचिव स्वतःच्या खिशातून बुजवतो, किंवा एखाद्या वाढदिवसाच्या देणगीतून.

आता याच टेबलावरचे कागद पाहावेत. ग्रंथ दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वाचक हजेरी, रोजकीर्द, खातेवही, सभेचं इतिवृत्त. संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली, त्यामुळे कार्यकारी मंडळात एक नाव बदललं तरी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. वर्षाअखेरीस लेखापरीक्षण, वार्षिक अहवाल, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची तपासणी. महिना दोन हजारांत हे सगळं एका माणसाने सांभाळायचं. राज्यातले ग्रंथालय कर्मचारी कित्येक वर्षं वेतनश्रेणी मागत आहेत. प्रभा राव समितीपासून व्यंकप्पा पत्की समितीपर्यंतचे अहवाल त्यांच्या मोर्च्यांत तोंडपाठ आहेत.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही झाकून चालणार नाही. अनुदान संस्थेला आणि तपासणी वर्षातून एखादी, त्यामुळे फक्त कागदावर चालणारी वाचनालयंही वाढली. 2012 मध्ये सरकारने महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी केली. कुठे कुलूप दिसलं, कुठे नोंदवहीतली पुस्तकं कपाटात सापडली नाहीत. अनेकांची मान्यता गेली, अनेकांचा वर्ग घसरला. पण त्यानंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ अनेक वर्षं थांबली, आणि त्याचा फटका प्रामाणिक संस्थांना बसला. क वर्गाला पुरेल इतके ग्रंथ आणि सभासद जमवूनही कित्येक वाचनालयं ड च्या अनुदानावर राहिली.

या सगळ्यात पंचायत कुठे असते? बहुतेकदा जागेत. समाजमंदिराची एक खोली, पंचायतीच्या नावाचं वीज मीटर, तोंडी परवानगी. ग्रामसभेचा ठराव असेलच असं नाही. सत्ता बदलली की खोलीवर दुसऱ्या कुणाचा डोळा पडतो, निवडणुकीत तिथे मतदान केंद्र लागतं आणि आठ दिवस कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी राहतात. पंचायतीने मनात आणलं तर पैशाची वाट अगदीच बंद नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळात दिलेल्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले 40 टक्के अबंधित. अकराव्या अनुसूचीतल्या गरजांवर ते खर्चता येत होते, म्हणजे वाचनालयावरही. मात्र पगार आणि आस्थापना खर्चाला बंदी होती. अशा पैशातून टेबलं येतात, खुर्च्या येतात, संगणकही येतो. संध्याकाळी पाचला शटर उघडणाऱ्या माणसाचा पगार तेवढा येत नाही.

उपकराने सगळं सुटतं असंही नाही. कर्नाटकात शहरी संस्थांनी गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोचत नाही, ही तिथली जुनी तक्रार आहे. मात्र त्या राज्याने 2019 मध्ये गावची ग्रंथालयं ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे दिली आणि पुढच्याच वर्षी मुलांना मोफत सभासद करून घेण्याची मोहीम काढली. केरळने वाट आणखी वेगळी धरली. तिथलीही ग्रंथालयं आपल्यासारखीच लोकांच्या संस्थांनी उभारलेली. पण उपकराचा पैसा ज्या ग्रंथालय परिषदेतून वाटला जातो, ती परिषद ग्रंथालयांच्याच प्रतिनिधींतून निवडली जाते. आपल्याकडच्या सचिवाला पैशासाठी निवेदन घेऊन जिल्ह्याला जावं लागतं, तिथल्या सचिवाचं त्या पैशाच्या वाटपात मत असतं.

मार्च उजाडतो. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता बहुधा आर्थिक वर्ष संपत आल्यावर. 31 तारखेच्या आत बिलं लागायला हवीत. सचिव मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन विक्रेत्याकडून गठ्ठा बांधून आणतात. ग्रंथपाल बाई रात्री आठपर्यंत थांबून एकेक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवतात, आतल्या पानावर शिक्का मारतात. चालू घडामोडींचं पुस्तक गठ्ठ्यात निघतं. भरतीची लेखी परीक्षा फेब्रुवारीतच होऊन गेली आहे, पण तो मुलगा पुस्तक घेतो, कारण पुढची जाहिरात निघणार असल्याचं त्याने ऐकलं आहे. बाई कार्डावर तारीख टाकतात आणि परत करायची मुदत सांगतात, "एक हप्ता."

या वेळी दोघांचा अर्थ एकच असतो.

(पुढील लेखांकात : पथदिव्याचं बिल कोण भरतं?)