वर्गसमीकरणाची दोन उत्तरे

मराठी माध्यमातून शिकून वाणिज्य शाखेत आलेल्या विद्यार्थ्याला 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' हा शब्द ऐकताच धडकी भरते. वास्तविक ही आपली जुनीच ओळख, वर्गसमीकरण! आमच्या कन्नड माध्यमाच्या मित्रांच्या पुस्तकातही ते 'वर्ग समीकरण'च आहे. दोन्ही घरी नाव एकच. मग भीती कशाची? आपल्याच व्यवहारातले उदाहरण घेऊ.

समजा, दुकानदाराला एक वही 20 रुपयांना पडते. ती क्ष रुपयांना विकली तर दिवसाला (80 − 2क्ष) वह्या खपतात. म्हणजे किंमत एका रुपयाने वाढली की खप दोनने घटतो. तेव्हा

नफा = (क्ष − 20)(80 − 2क्ष)

किंमत बदलली की नफा बदलतो, म्हणून नफा हे किमतीचे 'फल' होय. क्षला क्षनेच गुणावे लागते, म्हणून येथे वर्ग आला.

आता रोज 150 रुपये नफा हवा आहे. कंस सोडवून, सर्व पदे एका बाजूस घेऊन −2 ने भागले की मिळते:

क्ष² − 60क्ष + 875 = 0

60 ची निमपट 30, तिचा वर्ग 900. 875 चे 900 होण्यासाठी दोन्ही बाजूंत 25 मिळवू.

(क्ष − 30)² = 25

25 चे वर्गमूळ +5 आहे, तसेच −5 ही आहे. म्हणून क्ष = 35 किंवा 25. ताळा पाहा: 25 रुपयांना 30 वह्या, प्रत्येकी नफा 5, 35 रुपयांना 10 वह्या, प्रत्येकी नफा 15. दोन्हीकडे 150 च!

200 रुपये नफा हवा असेल तर (क्ष − 30)² = 0, म्हणजे 30 हे एकच उत्तर. 250 मागितले तर (क्ष − 30)² = −25 येते. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. तेव्हा हा नफा या बाजारात मिळणारच नाही. आलेख काढल्यास अन्वस्त मिळतो आणि त्याचा माथा बरोबर 30 वर येतो.

वर्ग पूर्ण करण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ती इ. स. 628 मध्ये मांडली. अपूर्णांक टाळण्यासाठी समीकरणाला वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने आधीच गुणावे, ही श्रीधराचार्यांची युक्ती भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' ग्रंथात त्यांच्या नावानिशी दिली.

राहता प्रश्न: 25 की 35? पहिल्या भावात रोज 600 रुपयांचा माल लागतो, पण वही तीस मुलांच्या हाती पडते. दुसऱ्यात 200 रुपयांचे भांडवल पुरते, पण वीस मुले दुकानातून रिकाम्या हाताने परततात. बीजगणित दोन्ही उत्तरे सारख्याच निष्ठेने देते. त्यातले कोणते घ्यायचे, हे मात्र गल्ल्यावर बसणाऱ्याने ठरवायचे असते. आणि उद्या त्या गल्ल्यावर आपल्यापैकीच कोणी बसणार आहे.