डॉस आज्ञावली, नव्या प्रणालींवरील
एमएस-डॉस (१९८१) या प्रचालन प्रणालीसाठी रचलेल्या १६-बिट आज्ञावली. ३२-बिट विंडोजमध्ये त्या आभासी यंत्राच्या आश्रयाने चालत. ६४-बिट आवृत्त्यांत ती सोय नाही. त्यामुळे लातूरच्या आडत दुकानातील वा नांदेडच्या कार्यालयातील जुन्या हिशेबाची आज्ञावली अशा संगणकावर थेट उघडत नाही. डॉसबॉक्स (२००२) जुन्या संगणकाचे अनुकरण करून हा अडसर दूर करते. मुळात खेळांसाठी रचलेली असल्याने छपाईत मात्र ती उणी पडते. मराठी नोंदींची अडचण अधिक बिकट. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवून डॉसवर देवनागरी उमटवीत. ते नसल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. तथापि नोंदी इस्की संकेतात (१९९१) असल्यास त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. कागदी वह्या नष्ट झाल्या असता तोच मार्ग उरतो.